लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे का उठून जातात?

बँकेत असताना काही वर्षे माझ्याकडे निष्क्रिय खात्यांचे काम होते. सलग दोन वर्षे ज्या खात्यात खातेदाराने स्वतः काही व्यवहार केलेला नाही, ते खाते निष्क्रिय. त्याची यादी वेगळी, लेजर वेगळे, त्यावर अधिकाऱ्याची नजरही वेगळी. तरुण वयात मला हे काम म्हणजे शिक्षा वाटे. पुढे त्याची गोडी लागली. त्या लेजरची पाने उलटताना एक गोष्ट लक्षात येई. रीतसर खाते बंद करायला येणारा माणूस फार थोडा. तो आला की काउंटरवर आवाज चढवतो, साहेबांना भेटायचे म्हणतो, केबिनमध्ये बसून दहा मिनिटे आपली बाजू ऐकवतो. त्याचे काय बिनसले ते निदान कळते. बाकीचे नुसते येईनासे होतात. एका तारखेला शेवटची नोंद, आणि त्याखाली सगळे पान कोरे. का, ते लेजर सांगत नाही.

गेली दीड-दोन वर्षे मी पुन्हा अशीच कोरी पाने वाचतो आहे. या वेळी खाती पैशांची नाहीत. इंटरनेटवर लोकांनी मिळून, विनामोबदला, केवळ हौसेने उभे केलेले ज्ञानप्रकल्प आहेत. विकिपीडिया हा त्यांतला सर्वांत थोरला. त्यांत वर्षानुवर्षे लिहिणारी माणसे एक दिवस लिहायची थांबतात. ती का थांबतात, हे मला हवे होते. निमित्त कादंबरीचे. माझ्या कादंबरीतल्या बाई असे एक काम सात वर्षे करतात, एका संध्याकाळी संगणक बंद करतात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत, एवढे मला दिसले होते. कारण दिसत नव्हते. म्हणून चौकशीला निघालो. कादंबरी अजून तिथेच अडली आहे. चौकशी मात्र बरीच पुढे गेली.

आपल्या भाषेत या कामाला नाव आधीपासून तयार आहे. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे. घरोघरी हे वाक्य कौतुकाने कमी आणि वैतागाने जास्त उच्चारले जाते. पुणे शहराचा निम्मा सार्वजनिक संसार या भाकऱ्यांवर चालतो, मग ती व्याख्यानमाला असो, वाचनालय असो, गणपतीचा मांडव असो की टेकडीवरच्या रोपांना उन्हाळ्यात घातलेले पाणी असो. यातला कोणी बाजूला झाला की आपण 'थकला असेल बिचारा' म्हणतो आणि प्रश्न मिटवतो. मीही तेच धरून चाललो होतो.

विकिपीडिया सुरू झाला १५ जानेवारी २००१ रोजी आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनाला. नातवंडांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी तो आपण सगळेच उघडतो. पण पानाच्या डोक्यावर 'संपादन' असा एक शब्द असतो, तो दाबला की ते पान आपल्यालाही दुरुस्त करता येते, हे कितीजणांच्या लक्षात आलेले असते? मराठी विकिपीडियाने या कामासाठी रूढ केलेले शब्द मला फार आवडले. नवख्याने हात साफ करून घ्यायची जागा ती 'धूळपाटी'. सगळ्यांनी जमून वाद घालायची ती 'चावडी'. देखरेख करणारे ते 'प्रचालक'. आणि 'इतिहास' या शब्दाखाली तर अख्खे लेजरच आहे. कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता कोणता शब्द घातला आणि कोणी तो काढला, सगळे नोंदलेले. आयुष्य लेजरात गेलेल्या माणसाला आणखी काय हवे?

आता थोडे आकडे. बँकवाल्याला त्यावाचून चैन पडत नाही. महिन्याला किमान पाच संपादने करणारा तो सक्रिय, असा एक संकेत आहे. इंग्रजी विकिपीडियावर अशा लोकांची संख्या २००७ साली ५१ हजारांच्या वर गेली आणि मग उतरू लागली. २०१३ पर्यंत ती ३१ हजारांच्या आसपास आली होती. वाचणारे मात्र या काळात वाढतच होते. म्हणजे शाखेत गर्दी वाढते आहे, टोकने संपत आहेत, आणि काउंटरमागच्या खुर्च्या रिकाम्या होत आहेत. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०११ साली पाहणी केली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सुरुवातीच्या वर्षांत नव्याने लिहू लागलेल्या शंभरांपैकी चाळीसच्या आसपास लोक वर्षभराने टिकून असत. २००५ ते २००७ या दोन वर्षांत हा आकडा घसरला, आणि पुढे बारा-पंधरावर स्थिरावला.

हा घसरलेला आकडा पाहिला की पहिला विचार मनात येतो तो असा की माणसेच बिघडली असतील. पूर्वी जाणकार येत होते, आता उडाणटप्पू येतात. पेन्शनर मंडळींचा हा आवडता सिद्धांत. सकाळच्या बागेत मी तो रोज ऐकतो. पण एरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या सिद्धांतालाच हात घातला. वेगवेगळ्या वर्षांत आलेल्या नवख्यांची पहिली-पहिली संपादने त्यांनी माणसे बसवून वाचून घेतली. याचा हेतू चांगला की वाईट, एवढेच ठरवायचे. तर चांगल्या हेतूने येणाऱ्यांचे प्रमाण नंतरच्या वर्षांतही फारसे खालावले नव्हते. बदलले होते ते त्यांचे स्वागत. चांगल्या हेतूने लिहिलेलेही पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात पुसले जात होते, आणि ज्याचे पहिलेच लिखाण पुसले गेले तो पुन्हा येण्याची शक्यता कमी होत होती.

असे का झाले, तेही समजण्यासारखे आहे. प्रकल्प प्रसिद्ध झाला तसे गंमत म्हणून पाने विद्रूप करणारे, शिव्या लिहिणारे, दुकानाची जाहिरात घुसडणारे यांची झुंबड उडाली. राखणदार थोडे. त्यांनी यंत्राची मदत घेतली. संशयास्पद बदल पडद्यावर भराभर पुढे येतात, एक कळ दाबली की बदल रद्द होतो आणि लिहिणाऱ्याला छापील सूचना जाते. चोरांचा बंदोबस्त उत्तम झाला. पण दारात बांधलेल्या कुत्र्याला चोर आणि पाहुणा यांतला फरक कोण शिकवणार?

मी स्वतः त्या दारात उभा राहिलेलो आहे. अशाच एका प्रकल्पात (नाव देत नाही, चूक माझीच होती) मी आमच्या पेठेतल्या जुन्या हौदाविषयी लिहिले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून नळ बांधून शहरात पाणी आणले, ते या हौदात पडे. तिथल्या पहाटेच्या रांगेविषयी, तिथल्या भांडणांविषयी आजीने सांगितलेले मी सहा परिच्छेदांत लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बसलो तर सहातला एक शिल्लक. बाकीच्यांच्या जागी एक छापील ओळ होती, संदर्भ नसल्याने मजकूर काढला आहे अशा अर्थाची. मी दोन दिवस धुमसत होतो. आजीचा संदर्भ आता कुठून आणू, असे जो भेटेल त्याला विचारत होतो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तुम्ही तरी आयुष्यभर दुसरं काय केलंत?"

खरे होते. व्हाउचर नाही तर एंट्री नाही, हे मी हजारो लोकांना ऐकवले आहे. जिथे कोणीही येऊन काहीही लिहू शकतो, तिथे पुरावा मागायचा नाही तर काय करायचे? मजकूर काढला तो योग्यच होता. मला लागले ते दुसरेच, आणि ते समजायला मला एक जुनी आठवण उपयोगी पडली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एक वयस्क बाई पैसे काढायला येत. यजमान गेल्यावर नावावर राहिलेले लहानसे बचत खाते. हात कापू लागल्यामुळे त्यांची सही नमुन्याच्या सहीशी जुळेना. महिन्याच्या सुरुवातीचा दिवस होता, रांग दारापर्यंत गेली होती. मी स्लिपवर लाल शाईने 'सही जुळत नाही' असे लिहून ती परत केली. नियम माझ्या बाजूने होता. पण अशा माणसाचा अंगठा घ्यावा, साक्षीदार उभा करावा, ही सोयही नियमातच होती आणि मला ती पाठ होती. "आजी, जरा बसा, गर्दी सरली की बघू," एवढे म्हणायला किती वेळ लागला असता! त्यांनी त्या स्लिपची चार घड्या करून बटव्यात ठेवली आणि गेल्या. पुढे केव्हातरी निष्क्रिय खात्यांच्या लेजरात त्यांचे नाव माझ्यासमोर आले. शिल्लक तीनशे काही रुपये.

असो. सोडून गेलेली माणसे शोधणे सोपे नसते, कारण ती पत्ता ठेवून जात नाहीत. ओळखीतून ओळख काढत नऊ-दहाजण भेटले. नावे द्यायची नाहीत आणि प्रकल्पाचेही नाव घ्यायचे नाही, ही त्यांची अट, ती पाळतो. काहींच्या थांबण्यात गूढ काहीच नव्हते. लग्न झाले, मूल झाले, नोकरी बदलली. एक तरुण परदेशी माणसाचे नाव देवनागरीत कसे लिहावे, या वादात तीन आठवडे झुंजून बाहेर पडला होता. (अनुस्वारावरून सोयरीक मोडू शकेल अशा गावात मी राहतो, त्यामुळे मला याचे नवल वाटले नाही.) एक मुलगी कर्तृत्ववान स्त्रियांविषयी लिहीत असे. मजकुरावरचे आक्षेप ती सहन करत होती. एका अनोळखी गृहस्थाने तिचे छायाचित्र शोधून काढून त्याविषयी टिप्पणी केली, त्या दिवशी ती थांबली. विकिपीडियाच्या २०१० सालच्या एका पाहणीत लिहिणाऱ्यांत स्त्रिया शंभरात तेराच्या आसपास निघाल्या होत्या. त्या आकड्याच्या आत काय काय असू शकते, हे मला तिच्याशी बोलल्यावर कळले.

सर्वांत जास्त वेळ मी बसलो तो कोथरूडच्या एका अभियंत्याकडे. नऊ वर्षे त्याने देखरेखीचे काम केले. "मी लिहायला आलो होतो, काका, आणि पहारेकरी झालो," तो म्हणाला. शेवटचा स्वतःचा लेख त्याने सोडण्याआधी पाच वर्षे लिहिला होता. त्यानंतर रोज रात्री दहा ते बारा नुसती झाडलोट. पुढाऱ्यांची स्तुती काढा, क्लासच्या जाहिराती काढा, जातीवरून जुंपलेली भांडणे सोडवा. एकदा मुलीने विचारले, "बाबा, तुम्हाला रोज रात्री कोण रागावतं?" नवख्यांचे लिखाण धडाधड पुसणारे ते हेच, असे मी मनात म्हणत त्याच्या घरी गेलो होतो. परत येताना त्याच्याविषयी काय वाटावे ते कळेना. ज्याला आत घेतले नाही तो जातो, आणि दाराशी उभा राहून राहून पाय दुखले म्हणून दुसराही जातो. दोघांची कधी भेटही होत नाही.

या पहारेकऱ्यांची परीक्षा पाहणारा एक मोठा प्रयोग पुण्यातच झाला. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने शहरातल्या काही महाविद्यालयांत पथदर्शी उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, तो अभ्यासक्रमाचाच भाग धरायचा. कल्पना छान होती. शेकडो मुले एकदम आली. परंतु पुस्तकातून उतरवून काढणे म्हणजे अभ्यास, हे आपण त्यांना बालवाडीपासून शिकवलेले. त्यांनी पुस्तकांतले, संकेतस्थळांवरचे परिच्छेदच्या परिच्छेद उचलून चिकटवले. हा स्वामित्वहक्काचा भंग होतो, हे त्यांतल्या कित्येकांच्या गावीही नव्हते. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातले स्वयंसेवक रात्री जागून वाक्यनवाक्य तपासत, पुसत बसले. नोव्हेंबरात उपक्रम थांबवावा लागला. या मुलांना मी दोष देत नाही. त्यांना कामाला बोलावले गेले, पण शेजारी बसून हात धरून शिकवणारी माणसे त्या प्रमाणात नव्हती. आणि जी माणसे मागे राहिलेले आवरत बसली, त्यांना या उपक्रमाविषयी आधी कोणी धड विचारलेही नव्हते. स्वयंसेवकाचा राग बहुधा कामाच्या ओझ्यावर नसतो. ओझे टाकताना त्याला गृहीत धरले, यावर असतो.

भांडून जाणाऱ्यांचे मात्र बरे असते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, आणि पुढे मतभेद झाल्यावर आपणच काढलेल्या मंडळातून ते बाहेर पडले. १९२६च्या अखेरीस ते गेले ते धुळ्याला. त्यांच्या माघारी तिथे त्यांच्या नावाने दुसरे संशोधन मंडळ उभे राहिले. महाराष्ट्राला एकाऐवजी दोन संस्था मिळाल्या. २००२ साली स्पॅनिश विकिपीडियाच्या बहुसंख्य लेखकांनी असेच केले. पानांवर जाहिराती येणार, अशी कुणकुण लागली. आमच्या फुकटच्या कष्टांवर दुसऱ्याने पैसे मिळवायचे? ते सगळे उठले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या संगणकावर त्यांनी आपला वेगळा मुक्त ज्ञानकोश मांडला. विकिपीडियावर जाहिराती आजतागायत आलेल्या नाहीत. तेव्हा आवाज चढवून गेलेला माणूस काहीतरी बदलून जातो. माझी काळजी घड्या करून स्लिप बटव्यात ठेवणाऱ्यांची आहे.

त्यांना थांबवता येते का? काही प्रयोग झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष वाचून मला थोडी शरमच वाटली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इंग्रजी विकिपीडियावरच्या सर्वाधिक काम करणाऱ्यांतले दोनशे निवडले. त्यांतल्या निम्म्यांच्या पानावर चिठ्ठ्या टाकून काढावे तसे एक गौरवचिन्ह लावले. हे चिन्ह म्हणजे पडद्यावरचे एक चित्र. पैसा नाही, अधिकार नाही. पुढच्या नव्वद दिवसांत त्यांचे काम बाकीच्यांपेक्षा साठ टक्क्यांनी जास्त भरले. जर्मन विकिपीडियावर याना गालुस यांनी चार हजार नवख्यांवर असाच प्रयोग केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. गौरव मिळालेल्यांत पुढच्या महिन्यातही लिहीत राहणारे वीस टक्क्यांनी अधिक निघाले. अहो, बँकेत दरवर्षी मार्चअखेर रात्री अकरापर्यंत बसणाऱ्या कारकुनाला मी कधी "आज फार काम केलंस" असे म्हटले होते का? आठवून पाहिले. वडा-पाव मागवल्याचे आठवते.

विकिपीडियावरच्या इंग्रजी खोलीतून हजारोंनी माणसे गेली तरी हजारो उरतात. मराठीचे तसे नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्यांच्यासाठी लाखाच्या आसपास लेखांचा हा कोश नित्यनेमाने सांभाळणारी माणसे मंगल कार्यालयातल्या एका पंगतीत सहज बसतील. त्यांतून दोन पाने उठली तरी पंगतीत दिसते. केतकरांनी ज्ञानकोश काढला तो रीतसर कंपनी स्थापून, भाग विकून. विश्वकोशामागे सरकार उभे राहिले. इथे भांडवल म्हणजे संध्याकाळचे दोन तास. त्यात आता नवी अडचण आली आहे. प्रश्नाला आयते उत्तर देणारी यंत्रे अशाच पानांवर पोसलेली आहेत. पण उत्तर यंत्रानेच दिले की मूळ पानापर्यंत वाचक जात नाही. विकिपीडियावर माणसांच्या भेटी आदल्या वर्षापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी घटल्या, असे फाउंडेशनने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. पानावर न गेलेल्या माणसाला 'संपादन' हा शब्द दिसणार कसा?

या चौकशीत शेवटी भेटल्या त्या विधी महाविद्यालय रस्त्याजवळ राहणाऱ्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. वेताळ टेकडीवरच्या झाडांविषयी त्यांनी चार वर्षे लिहिले होते. सालई, वारस, मोई. प्रत्येक झाडाखाली उभे राहून टिपणे काढायची, घरी येऊन एका बोटाने टंकायची. मी वही-पेन सरसावून विचारले, "मग झालं काय?"

"काही झालं नाही हो," त्या म्हणाल्या. "कोणी वाईट बोललं नाही. चांगलंही नाही. विहिरीत खडा टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं वाटायला लागलं. मग एक दिवस टाकला नाही."

त्यांनी लिहिणे सोडून सहा वर्षे झाली होती. मी त्यांच्या मोईच्या पानाचा इतिहास उघडून समोर धरला. त्या गेल्यानंतरही त्या पानावर माणसे येऊन गेली होती. कोणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. कोणी फळांनी लगडलेल्या फांदीचे छायाचित्र लावले होते. कोणी फुलण्याचा काळ बदलून मार्च-एप्रिल असा केला होता. बाईंनी चष्मा बदलला आणि ती ओळ दोनदा वाचली.

"मार्च-एप्रिल? कुणी लिहिलं हे? आमच्या टेकडीवर मोई फेब्रुवारीत फुलते. पानाचा पत्ता नसतो आणि नुसते तुरे लोंबत असतात. मी दरवर्षीची तारीख लिहून ठेवलीय." त्यांनी पडद्यावर बोट टेकवले. "हे दुरुस्त कुठून करायचं?"

मी म्हटले, त्यासाठी तुमच्या नावाने आत जावे लागेल. परवलीचा शब्द त्यांना आठवेना. टेकडीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवला असेल म्हणाल्या, आणि वही शोधायला आतल्या खोलीत गेल्या.